सॉफ्टवेअर प्रोसेस फ्रेमवर्कचे मूळ घटक

सॉफ्टवेअर बनवायची पद्धत ज्या सुट्या भागांतून बांधता येते त्या भागांचा संच, आणि ते भाग एकमेकांना कसे जोडायचे त्याचे नियम, याला प्रोसेस फ्रेमवर्क म्हणतात. काम कोण करणार, नेमकं काय करणार, त्यातून हाती काय येणार, करताना आधार कशाचा घ्यायचा आणि हे सगळं कोणत्या क्रमाने, असे पाच साधे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं म्हणजे रोल, टास्क, वर्क प्रॉडक्ट, गायडन्स आणि प्रोसेस. नावं इंग्रजी आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही, नागपुरात गायत्री नगरच्या आयटी पार्कमध्ये असो की मिहानमध्ये, कोणत्याही टीमजवळ दोन दिवस बसलं तर हे पाचही भाग दिसतात, फक्त ते कुणी लिहून ठेवलेले नसतात.

आलं कुठून

१९७० साली विन्स्टन रॉइसने मोठी सॉफ्टवेअर कशी बांधावीत यावर एक पेपर लिहिला, त्यातलं पायऱ्यापायऱ्यांचं चित्र पुढे वॉटरफॉल म्हणून जगभर गाजलं, आणि त्याच पेपरमध्ये त्याने हे असंच्या असं वापरणं धोक्याचं आहे असंही लिहिलं होतं ते मात्र बहुतेकांनी वाचलंच नाही. नव्वदच्या दशकात ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन हे तिघं रॅशनल कंपनीत एकत्र आले, तिथूनच रॅशनल युनिफाइड प्रोसेस म्हणजे रप आली. २००३ मध्ये आयबीएमने रॅशनल घेतली. नंतर आयबीएमने यातला काही भाग एक्लिप्स या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे खुला करून दिला, त्यातून एक्लिप्स प्रोसेस फ्रेमवर्क आणि ओपनअप ही लहान टीमसाठीची हलकी पद्धत तयार झाली. या घटकांची व्याख्या पक्की करणारं स्टँडर्ड म्हणजे स्पेम, ते ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं आहे, पहिली आवृत्ती २००२ ची, दुसरी २००८ ची. खाली जे शब्द येतात ते मुख्यतः या दुसऱ्या आवृत्तीतले आणि ओपनअपमधले.

काय करायचं वेगळं, केव्हा करायचं वेगळं

पूर्ण फ्रेमवर्कमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे असं माझं ठाम मत आहे, बाकी सगळं यातून निघतं. स्पेममध्ये दोन कप्पे आहेत. एका कप्प्यात मेथड कंटेंट, म्हणजे काम कसं करायचं त्याचं ज्ञान, त्यात तारीख नाही, आठवडा नाही, कोणता प्रोजेक्ट तेही नाही. दुसऱ्या कप्प्यात प्रोसेस, म्हणजे तीच कामं एखाद्या प्रोजेक्टमध्ये कोणत्या टप्प्यावर अन् कशाच्या मागे कशाच्या पुढे.

आपल्याकडे काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन थोडी गळायला लागेपर्यंत थांबायचं, मग खत घालून पाणी सुरू करून ताण तोडायचा, की फुलं येतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. हे सगळं झालं मेथड कंटेंट. आता आंबिया बहार धरायचा असेल तर हाच ताण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, आणि मृग बहार धरायचा असेल तर मे महिन्याच्या उन्हात, मग पावसाबरोबर फुलं. काम तेच, पंचांग वेगळं. ताण कसा द्यायचा हे ज्ञान दोनदा लिहावं लागत नाही, दोन्ही बहारांच्या वेळापत्रकात त्याच कामाकडे फक्त बोट दाखवायचं. स्पेममध्ये या बोट दाखवण्यालाच टास्क यूज म्हणतात, मूळ वर्णनाला टास्क डेफिनिशन. रोल आणि वर्क प्रॉडक्टचंही तसंच, व्याख्या एकदाच, वापर पाहिजे तितक्यांदा.

हे दोन कप्पे एकत्र केले की काय होतं ते बघा, टेस्टिंग कसं करायचं हे डॉक्युमेंट अमुक प्रोजेक्टच्या प्लॅनमध्येच लिहिलेलं असतं, प्रोजेक्ट संपला की ते फोल्डरमध्ये पडून राहतं आणि पुढचा प्रोजेक्ट पुन्हा शून्यापासून.

रोल

रोल म्हणजे माणूस नाही, पदनामही नाही. रोल म्हणजे कौशल्यं आणि जबाबदाऱ्यांचा एक गठ्ठा, जो त्या वेळी कुणीतरी अंगावर घेतलेला असतो. ओपनअपमध्ये ॲनालिस्ट, आर्किटेक्ट, डेव्हलपर, टेस्टर, प्रोजेक्ट मॅनेजर, स्टेकहोल्डर (म्हणजे ज्याचा त्या सॉफ्टवेअरशी संबंध येतो तो, जसं क्लायंट) असे मोजके रोल आहेत. नागपुरातल्या सहा-आठ जणांच्या कंपनीत सकाळी क्लायंटशी बोलणारी ॲनालिस्ट दुपारी स्वतःच कोड लिहीत असते, म्हणजे माणूस एक, रोल दोन. उलटंही होतं, मोठ्या टीममध्ये डेव्हलपर हा एक रोल आणि तो करणारे पंधरा जण. आपल्याकडे व्हिजिटिंग कार्डवरच्या नावाला रोल समजायची सवय आहे, त्यामुळे "टेस्टर ठेवलाच नाही तर टेस्टिंग कोण करणार" असा प्रश्न येतो, तर टेस्टर हा रोल कुणीतरी घ्यायचा असतो, त्यासाठी वेगळा माणूस असलाच पाहिजे असं नाही. फक्त तो कुणी घेतला ते सगळ्यांना माहीत पाहिजे.

टास्क आणि वर्क प्रॉडक्ट

ही जोडी वेगवेगळी समजावून सांगता येत नाही म्हणून एकत्रच घेतो. टास्क म्हणजे एका रोलकडे सोपवता येईल असं कामाचं एकक, साधारण काही तासांपासून काही दिवसांचं, आणि त्याच्या शेवटी एखादं वर्क प्रॉडक्ट तयार होतं किंवा आधीचं बदलतं. टास्कला मुख्य करणारा एक रोल, मदतीला हवे तर आणखी रोल, आत येणारे वर्क प्रॉडक्ट, बाहेर पडणारे वर्क प्रॉडक्ट आणि मधल्या पायऱ्या असतात. सगळ्या पायऱ्या दर वेळी करायलाच पाहिजेत असं बंधन नाही, ज्या लागतात त्या करायच्या.

जवळून बघू. समजा कळमन्याच्या मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी हिशोबपट्टीचं ॲप बनवायचं आहे. शेतकऱ्याचा माल आला, वजन झालं, भाव लागला, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती, हे त्या पट्टीवर असतं. टास्कचं नाव "पट्टीचे नियम समजून घेणं". मुख्य रोल ॲनालिस्ट, मदतीला स्टेकहोल्डर म्हणजे व्यापाऱ्याचा दिवाणजी. आत येणार काय, तर जुन्या पट्ट्यांची एक गड्डी आणि प्रोजेक्टचं एक पानाचं व्हिजन, म्हणजे काय बनवायचं आणि कशासाठी ते. पायऱ्या: दिवाणजीजवळ एक सकाळ बसायचं, वीस पट्ट्या हाताने पुन्हा मांडून बघायच्या, जिथे आपलं उत्तर आणि कागदावरचं उत्तर जुळत नाही तिथे का ते विचारायचं. बाहेर पडणार काय, तर नियमांची यादी आणि टेस्ट केसचा पहिला मसुदा. आता हीच यादी पुढच्या टास्कसाठी आत येणारा माल होते, डेव्हलपर त्यावरून गणिताचा भाग लिहितो, टेस्टर त्याच वीस पट्ट्या त्याला खाऊ घालून बघतो. टास्क एकमेकांना वर्क प्रॉडक्टने जोडलेली असतात, एकाचं आऊटपुट दुसऱ्याचं इनपुट. एखादं वर्क प्रॉडक्ट बनतं पण पुढे कुणाच्याच इनपुटमध्ये दिसत नसेल तर ते बनवायचं कशाला हा प्रश्न तिथेच विचारावा, निम्मी कागदपत्रं इथेच कमी होतात.

वर्क प्रॉडक्टचे तीन प्रकार मानतात. आर्टिफॅक्ट म्हणजे हाताला लागणारी वस्तू, कोड, मॉडेल, यादी. डिलिव्हरेबल म्हणजे त्यातल्या काही वस्तू एकत्र बांधून क्लायंटला द्यायचं गाठोडं. आणि आऊटकम म्हणजे वस्तू नाही पण परिणाम, जसं सर्व्हर नीट लावून झाला किंवा दिवाणजीचं ट्रेनिंग झालं.

प्रत्येक वर्क प्रॉडक्टला एक जबाबदार रोल ठरलेला असावा, हे मी पुस्तकातून नाही तर मार खाऊन शिकलो. मी नागपुरातच एका छोट्या कंपनीत होतो तेव्हा डेटाबेस बदलायची स्क्रिप्ट दोन जण लिहीत होते, ठीक होतं, पण ती स्क्रिप्ट शेवटी बरोबर आहे का याची जबाबदारी कुणाकडेच नव्हती, दोघांनाही वाटलं दुसऱ्याने बघितली, शनिवारी रात्री लाइव्हवर चालवली आणि एक कॉलम दोनदा बदलला गेला. रविवार पूर्ण बॅकअप लावण्यात गेला, माझ्यासमोर बसलेला ज्युनिअर रडवेला झाला होता आणि त्याची काहीच चूक नव्हती. बदल करणारे कितीही असू देत, जबाबदार एकच, एवढी एक ओळ आधी लिहिलेली असती तर तो रविवार वाचला असता.

गायडन्स

करताना जे जवळ ठेवायचं ते. चेकलिस्ट, टेम्प्लेट, उदाहरण, संकल्पना समजावणारं पान, एखादं टूल कसं वापरायचं ते सांगणारा टूल मेंटॉर. गायडन्स टास्कला, रोलला किंवा वर्क प्रॉडक्टला चिकटवता येतो. नवीन मुलांना यातलं सगळ्यात उपयोगी काय पडतं तर उदाहरण, टेम्प्लेटपेक्षाही, कारण कोरं टेम्प्लेट भरताना कुठे किती लिहायचं ते कळत नाही, भरलेलं एक समोर असलं की कळतं.

प्रोसेस

आता क्रम. टास्क यूज एकत्र करून ॲक्टिव्हिटी होते, ॲक्टिव्हिटी इटरेशनमध्ये, म्हणजे कामाच्या छोट्या फेरीत बसतात, इटरेशन फेजमध्ये म्हणजे मोठ्या टप्प्यात, आणि फेजच्या शेवटी माइलस्टोन, म्हणजे थांबून तपासायची जागा. रप आणि ओपनअपमध्ये फेज चार: इन्सेप्शन, इलॅबरेशन, कन्स्ट्रक्शन, ट्रान्झिशन. यांना लोक रिक्वायरमेंट, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंगची नवीन नावं समजतात, तसं अजिबात नाही. प्रत्येक फेजमध्ये थोडं-थोडं सगळंच होतं, फेज बदलते ती प्रश्नाप्रमाणे. इन्सेप्शनच्या शेवटी विचारायचं, हे करायचं तरी का, आणि काय करायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे का. इलॅबरेशनच्या शेवटी, आर्किटेक्चर चालतं हे चालवून दाखवलं का, कागदावर नाही तर चालणाऱ्या कोडमध्ये. कन्स्ट्रक्शनच्या शेवटी, वापरायला देण्याइतकं झालं का. ट्रान्झिशनच्या शेवटी, वापरणाऱ्याच्या हातात पडलं आणि तो समाधानी आहे का. पट्टीच्या ॲपमध्ये इलॅबरेशनचा धोका म्हणजे मार्केटमध्ये नेटवर्क गेलं तर पट्टी निघणार की नाही, तर तो भाग सगळ्यात आधी बनवून चालवायचा, रंगरंगोटी मागून.

वारंवार लागणारा ॲक्टिव्हिटींचा तुकडा वेगळा काढून ठेवता येतो, त्याला कॅपॅबिलिटी पॅटर्न म्हणतात, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण मांडणी असेल तर डिलिव्हरी प्रोसेस. पहिला म्हणजे बहारातलं ताण देऊन तोडणं, दुसरा म्हणजे अख्खा बहार.

आपल्याप्रमाणे बदलणं

फ्रेमवर्क उचललं आणि जसंच्या तसं लावलं की टीम चार महिन्यांत वैतागते, म्हणून बदलायची सोय त्यातच दिलेली आहे आणि ती हुशारीने दिली आहे. मूळ घटकाला हात न लावता आपल्या प्लगइनमध्ये, म्हणजे मूळाला बाहेरून जोडायच्या आपल्या वेगळ्या संचात, नवीन घटक करायचा आणि मूळाशी त्याचं नातं सांगायचं. मूळात भर घालायची असेल तर काँट्रिब्यूट, मूळ काढून आपलं बसवायचं असेल तर रिप्लेस, मूळ तसंच ठेवून त्यावरून वेगळं करायचं असेल तर एक्स्टेंड. ओपनअपच्या टेस्टिंगच्या टास्कमध्ये "वीस जुन्या पट्ट्या जुळवून बघणं" ही पायरी जोडायची तर काँट्रिब्यूट पुरे. उद्या ओपनअपची नवीन आवृत्ती आली तरी आपली भर वेगळी सुरक्षित असते. हे सगळं एक्लिप्स प्रोसेस फ्रेमवर्क कंपोझर या फुकट टूलमध्ये करता येतं, त्यातून पूर्ण पद्धत वेबपेज म्हणून बाहेर काढता येते, टीमच्या सर्व्हरवर ठेवली की झालं. टूल आता जुनाट वाटतं, पण तीच रचना साध्या विकीवरही छान बसते, मी तेच सुचवतो.

स्क्रम आणि इसेन्स

बहुतेक कंपन्यांत आज स्क्रम चालतो, म्हणजे छोट्या ठरावीक फेऱ्यांत काम करायची पद्धत, त्यालाही हाच चष्मा लावून बघता येतं. स्क्रम गाइड पहिल्यांदा २०१० मध्ये आलं, २०२० च्या आवृत्तीत रोल हा शब्द काढून अकाउंटॅबिलिटी, म्हणजे उत्तरदायित्व, हा घातला, प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स अशा तीन, आणि मला हा बदल फार योग्य वाटतो कारण पदनामाचा गोंधळ त्याने कमी होतो. आर्टिफॅक्ट तीन, प्रॉडक्ट बॅकलॉग (पूर्ण प्रॉडक्टच्या कामांची यादी), स्प्रिंट बॅकलॉग (त्यातली या फेरीची यादी), इन्क्रिमेंट (तयार झालेला वापरता येणारा भाग). इव्हेंट पाच, त्यात स्प्रिंट म्हणजे कामाची एक फेरी, एक महिना किंवा कमी. टास्क मात्र स्क्रम देत नाही, कोड कसा लिहायचा, टेस्ट कसं करायचं ते टीमने आणायचं, आणि इथेच नवीन टीम फसते, इव्हेंट सगळे होऊन राहिले पण मेथड कंटेंटचा कप्पा रिकामाच.

जेकबसन, बर्ट्रांड मेयर आणि रिचर्ड सोली यांनी २००९ मध्ये सेमॅट ही चळवळ सुरू केली, त्यातून इसेन्स हे स्टँडर्ड आलं, तेही ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपचंच. यात कामाच्या यादीऐवजी कोणत्याही प्रोजेक्टमध्ये असणाऱ्या सात गोष्टी धरल्या आहेत, त्यांना अल्फा म्हणतात: संधी, स्टेकहोल्डर्स, गरजा, सॉफ्टवेअर सिस्टिम, टीम, काम आणि काम करायची रीत. प्रत्येक अल्फाच्या अवस्था ठरलेल्या आणि प्रत्येक अवस्थेचं एक छोटं कार्ड, त्यावर चेकलिस्ट. गरजांच्या सहा अवस्था आहेत, कल्पना सुचली, हद्द ठरली, सुसंगत झाल्या, मान्य झाल्या, बऱ्याचशा पुऱ्या झाल्या, पूर्ण झाल्या. टीम टेबलाभोवती बसते, कार्ड ओळीने मांडते आणि आपण कुठल्या कार्डावर आहोत ते प्रत्येक जण बोट ठेवून सांगतो. पट्टीच्या ॲपमध्ये डेव्हलपर चौथ्या कार्डावर बोट ठेवेल अन् दिवाणजी दुसऱ्यावर, आणि त्या दिवशीची मीटिंग त्या दोन कार्डांच्या मधल्या अंतरावरच व्हायला पाहिजे.