'मोबाइलचं व्यसन' आलं कुठून?

तरुणांचं मन आणि त्यांच्या सवयी यांवर नवं संशोधन मांडायचं म्हटलं, की नाशिकच्या कॉलेजांतही चर्चा 'मोबाइलच्या व्यसना'वर येऊन अडते. या शब्दाचं मूळ गमतीत आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मनोविकारतज्ज्ञाने निदानाच्या निकषांची नक्कल करत 'इंटरनेटचं व्यसन' असा आजार थट्टेने लिहून काढला. थट्टा विरली, शब्द मात्र चिकटला.

पुढचा वाद आजही मिटलेला नाही. अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये इंटरनेट गेमिंगला 'अधिक अभ्यास हवा' या यादीत ठेवलं. जागतिक रोगवर्गीकरणात २०१९ ला 'गेमिंग विकार' आला, तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी त्याची खूण. कित्येक अभ्यासकांनी तेव्हाही हरकत घेतली होती. रील्स किंवा नुसता मोबाइल त्यात नाहीच. शिवाय मराठीत व्यसन म्हटलं की दारू, तंबाखू आणि 'घराण्याचं नाव घालवलंस'. असा शिक्का बसणार असेल तर पोरगं खरं कशाला सांगेल?

तासांच्या मोजणीचंही तेच. गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या पोराचं लेक्चर, नोट्स, टेस्ट सिरीज सगळं फोनवर. 'रोज किती तास?' या रकान्यात त्याने 'नऊ' लिहिलं, तर त्यातून काय कळतं?

देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरचा १९९६ चा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. आकडा इथेही सांगितला जातो. पण त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

कोविडनंतर मात्र घाई झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ ही मोफत हेल्पलाइन सुरू झाली. जानेवारी २०२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत पाकिटातलं खाणं, व्यायाम आणि घरच्यांशी जवळीक यांचा तरुणांच्या मनाशी संबंध जोडला गेला. मुळात संबंध म्हणजे कारण नव्हे: झोप उडाली म्हणून मन बिघडलं की मन बिघडलं म्हणून झोप उडाली, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही. आणि गंमत अशी, की ज्या सर्वेक्षणाचा तिथे आधार घेतला, ते लोकांनी इंटरनेटवरच भरलेलं होतं.