बोट लागणं: एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

मराठीत ताप येतो, सर्दी होते, पण ऊन लागतं, घाट लागतो, गाडी लागते आणि बोट लागते. यातले पहिले तीन प्रकार पुण्यातल्या माणसाला पाठ असतात. वरंध्याच्या नाहीतर आंबेनळीच्या घाटात एसटीच्या खिडकीशी लिंबू हुंगत बसलेलं पोर बहुतेक घरांत एक तरी सापडतं, आणि त्याला सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसवणारी आजीही. चौथ्या प्रकाराची गाठ अलीकडे जास्त पडू लागली आहे. शुक्रवारी रात्री कोथरूड, कर्वेनगरातून निघायचं, पहाटे हर्णै, मुरूड किंवा दिवेआगर गाठायचं, तिथल्या एखाद्या मच्छीमाराची बोट ठरवायची आणि गळ घेऊन समुद्रात जायचं, असा बेत आता पुष्कळ जण करतात.

माझ्या पहिल्या फेरीत इंजिन चालू होतं तोवर सगळं छान होतं. किनारा बराच मागे पडल्यावर तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, नांगर टाकला, इंजिन बंद केलं, आणि मी गळाला कोळंबी लावायला मान खाली घातली. कोळंबीचं डोकं मोडायचं आणि गळाचं टोक शेपटीकडून आत सरकवायचं, एवढंच काम. तिसरी कोळंबी हातात असताना जांभया सुरू झाल्या. मग तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर गार घाम आला. तांडेलाने माझ्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, ‘‘दादा, ते खाली ठेवा. त्या डोंगराकडं बघा.’’ मी पाहिलं, पण तोवर उशीर झाला होता. खिशातली गोळी तेव्हा घेतली, ती पाच मिनिटांत उलटून पडली. उरलेला वेळ मी बोटीच्या कडेला ओणवा होतो.

तांडेलाचं ते वाक्य बरोबर का होतं आणि माझी गोळी फुकट का गेली, हे नंतर शोधत गेलो तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. या दुखण्याच्या इतिहासातला फार मोठा काळ माणसाने पोटावर इलाज करण्यात घालवला, आणि दुखण्याचं मूळ पोटात नव्हतंच.

चूक समजण्यासारखी आहे. उलटी पोटातून होते, म्हणून दोष पोटाचा. मळमळीसाठी युरोपातल्या भाषांत जो शब्द रूढ आहे तो ग्रीकांच्या ‘जहाज’ या शब्दावरून आला, इतकी ही ओळख जुनी. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या लिखाणातही समुद्रप्रवासाने शरीर बिघडतं असं नोंदलेलं आहे. पुढे पित्त, वारे, आतडी असे एकेक संशयित पुढे आले. उपाय म्हणून कुणी उपाशी राहायला सांगितलं, कुणी भरपेट जेवायला, कुणी पोट आवळून बांधायला.

आपल्याकडेही तेच. मुंबईहून कोकणात आगबोटी जात त्या काळात स्वस्त तिकिटाचे उतारू डेकवर, गाठोड्यांना टेकून रात्र काढत. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची, आणि उतारूंना लाटांवर वरखाली होणाऱ्या पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरून किनारा गाठावा लागायचा. आगबोटीत कसाबसा तग धरलेला माणूस पडावात हमखास आडवा व्हायचा. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असे. अशा प्रवासाला निघताना शिदोरीत लिंबाचं लोणचं, आवळ्याची सुपारी, आलेपाकाच्या वड्या असत. आलेपाक म्हणजे किसलेलं आलं आणि साखर, आटवून थापलेलं. या सगळ्यांतलं आलं पुढे परीक्षेला उतरलं. ती हकिगत ओघात येईलच.

दुसरा समज असा की बोट लागणं म्हणजे माणूस कच्चा असणं. हा समज मला जास्त घातक वाटतो, कारण त्यापायी लोक आधी काही घेत नाहीत. ब्रिटिश आरमाराचा होरेशिओ नेल्सन बाराव्या वर्षी जहाजावर चढला, १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत जहाजावरच मेला, आणि मधल्या सगळ्या वर्षांत वादळी हवेत त्याला बोट लागत राहिली. हे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलं आहे. चार्ल्स डार्विन २७ डिसेंबर १८३१ ला ‘बीगल’ जहाजावरून निघाला तो जवळजवळ पाच वर्षांनी परतला. झोळीत पडून राहायचं आणि मनुके खायचे, कारण पोटात तेवढेच टिकत, असं त्याने वडिलांना कळवलं होतं. प्रवासवर्णनाच्या शेवटी त्याने होतकरू प्रवाशांना बजावलं आहे की आठवड्यात बरं होईल असं हे किरकोळ दुखणं नाही, निघण्याआधी त्याचा नीट विचार करा. एवढा बारकाईने पाहणारा माणूस, पाच वर्षं पुन्हा पुन्हा अनुभव घेणारा, आणि त्याच्याही हाती मनुक्यांपलीकडे काही लागलं नव्हतं.

मग एका पोलाद कारखानदाराने पोट सोडून जहाजच बदलायचं ठरवलं. स्वस्त पोलाद बनवण्याची रीत शोधणारा हेन्री बेसेमर १८६८ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना इतका आजारी पडला की त्याने यावर कायमचा तोडगा काढायचं मनावर घेतलं. जहाजाच्या पोटात सुमारे ७० फूट लांबीचा एक देखणा दिवाणखाना आसावर टांगायचा. जहाज डावीउजवीकडे कललं तरी पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रं तो दिवाणखाना सपाट ठेवणार. त्यासाठी एक माणूस गवंड्याच्या पाणसळीसारख्या नळीतल्या बुडबुड्याकडे डोळे लावून सतत दांडा हलवत बसणार. जहाज खरोखर बांधलं गेलं. ८ मे १८७५ रोजी लोकांसमोर झालेल्या फेरीत ते कॅले बंदराच्या धक्क्यावर आदळलं. त्या दिवशी दिवाणखाना जागेवर जखडूनच ठेवलेला होता, त्यामुळे कल्पनेची खरी कसोटी झालीच नाही. कंपनी बुडाली. दिवाणखाना काढून जहाजाच्या आराखडाकाराच्या घराला जोडला गेला.

बेसेमरची दिशा मला अर्धी बरोबर वाटते. हालचाल थांबवा, हे त्याला उमगलं होतं. पण त्याने डावीउजवीकडचा कल धरला, आणि लाटेवर उचललं जाणं आणि खाली बसणं सोडून दिलं. सगळ्यात जास्त त्रास त्याच हालचालीचा होतो, हे सिद्ध व्हायला पुढे शंभर वर्षं लागली. अमेरिकेत पाचशेहून अधिक तरुणांना वरखाली हलणाऱ्या खोलीत बसवून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९७४ मध्ये आले. साधारण पाच सेकंदांना एक, अशा संथ हेलकाव्याला माणूस सगळ्यात लवकर उलटतो. भराभर बसणारे धक्के त्यामानाने सोसतात. घोड्यावर बसून मैलोन्‌मैल गेलेल्या माणसाला क्वचितच मळमळतं, पण नांगरलेल्या बोटीत अर्ध्या तासात तो गळपटतो, त्याचं कारण हेच.

पोटावरचा संशय हटवला तो बहिऱ्या माणसांनी. कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लूराँने १८२४ च्या सुमारास कबुतरांच्या या नलिका छेदल्या तेव्हा ती गरगरू लागली. म्हणजे कान नुसता ऐकत नाही, शरीराचा तोलही सांभाळतो. हा धागा धरून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने मूकबधिर विद्यार्थ्यांना गोल गोल फिरवून चक्कर येते का हे तपासलं. १८८२ मध्ये त्याने लिहिलं की ५१९ जणांपैकी १८६ जणांना चक्कर मुळीच आली नाही. ज्यांच्या आतल्या कानाचा हा भाग निकामी आहे त्यांना बोटही लागत नसावी, असा तर्क त्यातून निघाला. समुद्रावर त्याची रोखठोक तपासणी बऱ्याच उशिरा झाली. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आतला कान निकामी असलेले पुरुष आणि बाकीचे निरोगी लोक एकाच बोटीतून उत्तर अटलांटिकच्या वादळात गेले होते. निरोगी माणसं कोलमडली. दुसऱ्या गटाला काही झालं नाही. त्यांची पोटं इतरांसारखीच होती!

दृष्टी नसलेल्यांना मात्र बोट लागू शकते. कान हवाच, डोळा त्यात भर घालतो. १९७५ मध्ये रीझन आणि ब्रँड या दोघा संशोधकांनी हा सगळा विचार एकत्र मांडला. कान सांगतो की आपण हलतोय. समोरची फळी, हातातली कोळंबी, मोबाइलचा पडदा हे सगळं आपल्याबरोबरच हलत असल्यामुळे डोळा सांगतो की सगळं स्थिर आहे. मेंदूने आजवरच्या अनुभवावरून जी जुळणी बांधलेली असते तीत हे बसत नाही, आणि हा विसंवाद लांबला की मळमळ सुरू होते. उलटीच का, यावर १९७७ मध्ये ट्राइसमन नावाच्या संशोधकाने एक अटकळ मांडली: संवेदनांचा असा गोंधळ पूर्वी विष पोटात गेल्यावरच होत असे, म्हणून मेंदू पोट रिकामं करायला सांगतो. ती अटकळच आहे, पण मला पटते.

आता तांडेलाचं वाक्य पुन्हा पाहा. डोंगर हलत नाही. त्याच्याकडे पाहिलं की बोट वर जाताना डोळ्यालाही बोट वर जाताना दिसते, आणि कान व डोळा यांची साक्ष जुळते. त्याने कुठलं पुस्तक वाचून हे सांगितलं नव्हतं.

औषधांचा रस्ता वेगळ्याच बाजूने आला. महादेवाला वाहतात त्या धोतऱ्यात आणि त्याच्याच कुळातल्या खुरासनी ओव्यात स्कोपोलामाइन नावाचं द्रव्य असतं. कानाकडून उलटीच्या केंद्राकडे जाणारे निरोप ते मंद करतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी सैनिकांवर प्रयोग करून ते सगळ्यांत सरस ठरवलं, आणि ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेला त्याच्या गोळ्या वाटल्या होत्या. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याची कानामागे चिकटवायची पट्टी मंजूर झाली. हे वाचून कुणी धोतऱ्याच्या वाटेला जाऊ नये, हे कळकळीने सांगतो. त्याच्या बिया विषारी आहेत, आणि औषधाची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजतात.

दुसरा शोध योगायोगाने लागला. १९४७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गे आणि कार्लिनर हे डॉक्टर अंगावर पित्त उठण्यावरचं एक नवं औषध तपासत होते. एका गरोदर बाईने सांगितलं की ही गोळी घेतली की ट्राममध्ये मला मळमळत नाही. डॉक्टरांनी ते कानाआड केलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या सैनिकी जहाजावर काहींना ती गोळी आणि काहींना नुसती साखरेची गोळी देऊन पाहिली, आणि फरक स्पष्ट दिसला. ते औषध म्हणजे डायमेनहायड्रिनेट. त्याच दशकात फ्रान्समध्ये प्रोमेथाझिन तयार झालं, आणि त्याचंच एक रूप आपल्याकडे एव्होमिन या नावाने घरोघर पोचलं. पुण्यातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात ‘गाडी लागण्याची गोळी’ मागितली की बहुधा हीच पुढे येते.

आल्याला न्याय त्यामानाने उशिरा मिळाला. आयुर्वेदाने सुंठीला ‘विश्वभेषज’ म्हटलं, पण समुद्रावरच्या परीक्षेचा निकाल १९८८ मध्ये डेन्मार्कमधून आला. खवळलेल्या समुद्रात ८० नौदल छात्रांपैकी काहींना एक ग्रॅम सुंठपूड दिली, काहींना सुंठ नसलेली नुसतीच मात्रा. सुंठ घेतलेल्यांना उलट्या आणि गार घाम कमी झाला. मळमळ फारशी हटली नाही. आलेपाकाकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी, पण ती ठेवायला हरकत नाही.

या इतिहासात जे जे उपयोगी ठरलं ते आधी घेतल्यावर ठरलं. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी पुढे सरकत नाही आणि रक्तात उतरत नाही. माझी गोळी म्हणूनच वाया गेली. पुणेकराच्या बाबतीत आणखी एक भर पडते. समुद्रावर पोचण्याआधी तो ताम्हिणी किंवा आंबेनळी उतरलेला असतो, रात्रभर जागा असतो, आणि वाटेत झणझणीत मिसळ खाल्लेली असते. बोटीत पाय ठेवतानाच त्याचा कान दमलेला असतो. तेव्हा शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच उतरावं आणि झोप काढून सकाळी बोटीत बसावं. गोळी डॉक्टरांना विचारून, आदल्या रात्री किंवा निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यावी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. तिने झोप येते. म्हणून दारू वर्ज्य, आणि परतीला घाटात गाडी दुसऱ्याने चालवायची, हे निघतानाच ठरवून टाकावं. पोट अगदी रिकामं नको, तुडुंब नको; भाकरी, केळं, साधा भात पुरतो. बोटीत बसायचं ते मधोमध, कारण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, हेलकावा सगळ्यात मोठा असतो आणि मागे डिझेलचा धूर. आमिष लावायचं काम खलाशाला सांगावं, त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या फेरीला मी एवढं सगळं केलं. इंजिन बंद झाल्यावरचा तो पहिला अर्धा तास डोंगराकडे पाहत काढला, आणि दुपारपर्यंत गळ हातात होता. त्या रात्री पुण्याला परतल्यावर अंघोळीला गेलो, चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले, आणि न्हाणीघराची भिंत हळूच वर उचलली गेली, मग खाली बसली. मेंदूने दिवसभरात समुद्राची जी नवी जुळणी शिकून घेतली होती ती अजून उतरली नव्हती. भिंतीला हात टेकून मी तसाच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते गेलं.