वारा मंदावला म्हणजे एसी बिघडला नव्हे

सोलापुरात मे महिन्यात पारा 43 च्या पुढे गेला की मोठ्या कार्यालयांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "जाळीतून वारा कमी झाला, एसी बिघडला." तसं नसतं. व्हीएव्ही (व्हेरिएबल एअर व्हॉल्यूम, म्हणजे हवेचं प्रमाण बदलणाऱ्या) एसी यंत्रणेत थंड हवेचं तापमान साधारण 13 अंशांवर ठेवतात; बदलतं ते हवेचं प्रमाण. खोली गार होत आली की फॉल्स सीलिंगवरच्या डब्यातला डँपर, म्हणजे हवा अडवणारी झडप, हळूहळू मिटत जातो. मग मुख्य पंखाही वेग उतरवतो, आणि वेग 80 टक्क्यांवर आला तरी त्याची वीज जवळपास निम्मी होते. केवढी बचत ही! जाळीला कागदाची पट्टी चिकटवून बघा: भर दुपारी फडफडते, संध्याकाळी नुसती हलते. खोली तापलेली असताना पट्टी हलेना, तर मात्र तक्रार जरूर करा.