पुरानंतरचा पैसा, पुराआधीचा पैसा

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा, 43 फुटांवर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ती 55 फुटांच्या वर गेली, जुलै 2021 मध्ये 56 च्याही. दोन्ही वेळा पाणी उतरताच गावोगाव एकच विचारणा सुरू झाली, पंचनामा कधी? सरकारी मदत त्या कागदाशिवाय हलत नाही.

ही पद्धत जुनी आहे. दुसऱ्या वित्त आयोगाच्या काळापासून राज्यांना ‘मार्जिन मनी’, म्हणजे आपत्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, मिळू लागला. नवव्या आयोगाच्या शिफारशीने 1990 मध्ये कायमचा निधी आला, त्यात केंद्राचे 75 आणि राज्याचे 25 टक्के. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर 2010 मध्ये त्याचाच राज्य आपत्ती प्रतिसाद निधी झाला. नाव बदललं, हिशेब मात्र नुकसान झाल्यानंतरचाच राहिला. त्यातही कपडे-भांड्यांच्या मदतीला घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असण्याची अट. 2019 मध्ये या अटीवरून लोक भडकले, ते योग्यच होतं. एका रात्रीत छातीभर पाणी येऊन गेलं, तरी कणगीतलं धान्य कुजतंच.

कारखान्यांची वाट वेगळी. रासायनिक अपघात या निधीच्या यादीत येत नाही. भोपाळनंतर झालेल्या 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक रसायनं हाताळणाऱ्या मालकावरच विम्याची सक्ती केली. शिवाय पर्यावरण मदत निधीतही त्यानेच भर घालायची.

प्रतिबंधासाठी वेगळी थैली फार उशिरा आली. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 पासून राज्यांच्या आपत्ती निधीतला 20 टक्के वाटा सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठी राखला. त्याच वर्षीच्या महापुरानंतर राज्याने 11,500 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात मदतीला 1,500, पुनर्बांधणीला 3,000 आणि दीर्घकालीन उपायांना 7,000 कोटी. कागदावर तरी प्राधान्य उलटं झालं. पुराचं पाणी बोगद्यांतून दुष्काळी भागात वळवण्याची योजनाही जागतिक बँकेच्या कर्जातून आखली गेली.

मला मात्र प्रयाग चिखली आणि आंबेवाडी आठवतात. 1989 च्या पुरानंतर या गावांना पुनर्वसनासाठी सोनतळीला जागा मिळाली. पण प्लॉटच्या मालकीचे प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळले, आणि शेती, गोठा, जनावरं जुन्या गावातच. त्यामुळे माणसंही तिथेच राहिली. 2005, 2019, 2021, दर वेळी बोटी, छावण्या, सानुग्रह अनुदान. नवीन थैलीतला पैसा आधी इथे लागावा. सोनतळीचे कागद पूर्ण व्हावेत, तिथे गोठ्यांना जागा आणि चाऱ्याची सोय व्हावी, शेताकडे जाणारा रस्ता उंच व्हावा. बोगद्यांच्या मानाने ही कामं किरकोळ आहेत, आणि ती जिल्ह्यातच मार्गी लागू शकतात.