अजीर्ण की उपासमार? ग्लो इंजिनाचं ‘रिच’ आणि ‘लीन’ ओळखताना

मॉडेल विमानाचं नवं ग्लो इंजिन सुरू होतं, आयडलला, म्हणजे सर्वांत कमी फेऱ्यांवर, छान गुरगुरतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की काही सेकंद जोरात ओरडतं आणि गप्प होतं. पुन्हा सुरू केलं तरी तेच. अशा वेळी हात आपोआप नीडलकडे, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूकडे, जातो. घोटाळा इथेच सुरू होतो, कारण ‘बंद पडलं’ या एका दुखण्यामागे दोन नेमकी उलटी कारणं असू शकतात. एकात इंजिनाला इंधन जास्त होतंय, दुसऱ्यात ते उपाशी मरतंय. एकावरचं औषध दुसऱ्याला दिलंत तर दुखणं बळावतं, आणि उपासमारीच्या बाबतीत पिस्टनच हातचा जातो.

इंधन जास्त म्हणजे रिच, इंधन कमी म्हणजे लीन. ‘रिच’ ऐकायला चांगलं वाटतं आणि ‘लीन’ चपळ, म्हणून नवखा माणूस नावांवरूनच फसतो. मी मनात अजीर्ण आणि उपासमार असेच शब्द धरतो.

हे इंजिन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑइल यांच्या मिश्रणावर चालतं, आणि त्याला इंधन लागतंही भरपूर. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला मात्र साधारण ६.५ ग्रॅमच. म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर दुपटीहून जास्त इंधन आत गेलं पाहिजे. नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे त्याला हवा आणखीच कमी पुरते. म्हणून ५ टक्के नायट्रोच्या इंधनावरून १५ टक्क्यांवर गेलात तर नीडल थोडी उघडावी लागते. ती जुन्याच जागी ठेवली तर काल नीट चालणारं इंजिन आज लीन होतं, आणि दोष मात्र ‘जास्त नायट्रोने इंजिन तापतं’ असा नायट्रोच्या माथी जातो.

दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. टू-स्ट्रोक ग्लो इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ते इंधनातच मिसळलेलं असतं, बहुधा १८ ते २० टक्के. इंधन कमी झालं की ऑइलही कमी होतं. शिवाय मिथेनॉलचं बाष्पीभवन इंजिनाला गार ठेवतं, ते थंडावणंही घटतं. त्यामुळे लीन इंजिनावर कमी वंगण आणि जास्त उष्णता असे दोन्ही मार एकदम बसतात. रिच इंजिन फक्त ताकद गमावतं आणि मफलरमधून मॉडेलवर ऑइल थुंकतं. पुसायला कंटाळा येतो, एवढंच. म्हणून शंका असेल तेव्हा नीडल उघडायची. या नियमाला एक अपवाद आहे, त्याकडे पुढे येतो.

आता मुख्य अडचण. नीडल हळूहळू बंद करत गेलात की फेरे वाढत वाढत एका शिखराला पोचतात, आणि त्यानंतर पुन्हा कमी होतात. शिखराच्या दोन्ही बाजूंना उतारच. टॅकोमीटरवर, म्हणजे फेरे मोजणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला १०,५०० दिसले तर ते चढावरचे की पलीकडच्या उतारावरचे, हे आकडा सांगत नाही. आकडा एकच, पण एका बाजूला इंजिन सुरक्षित आणि दुसऱ्या बाजूला भाजून निघतंय. म्हणून इंजिन बंद पडलं यापेक्षा ते कसं बंद पडलं, याकडे कान द्यायला हवा.

रिच इंजिन हळूहळू मान टाकतं. आवाज जाड आणि ओला असतो, धूर भरपूर, मफलरच्या तोंडाशी ऑइलचे थेंब. फारच रिच असेल तर टू-स्ट्रोक असूनही प्रत्येक फेऱ्याला पेट न घेता एकाआड एक फेऱ्याला घेतं, आणि आवाजाची पट्टी एकदम खाली येते. याला ‘फोर-स्ट्रोकिंग’ म्हणतात. नीडल बंद करत नेताना हा जाड आवाज जिथे फुटून स्वच्छ, उंच सुरात जातो ती जागा कानात साठवून ठेवण्यासारखी आहे, पुढचं सगळं ट्यूनिंग तिच्याच आसपास चालतं. लीन इंजिनाचं उलटं. आवाज कोरडा, टोकदार, धूर विरळ. क्षणभर फेरे वाढल्यासारखे वाटतात, मग इंजिन बसू लागतं, कधी तडतड ऐकू येते, आणि वाक्य अर्ध्यावर तोडल्यासारखं ते थांबतं. ग्लो इंजिनाला ठिणगीचं टायमिंग नसतं. प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची रासायनिक क्रिया होते आणि तार तापलेली राहते, बॅटरी फक्त सुरू करण्यापुरती. मिश्रण लीन आणि डोकं गरम झालं की पेट वेळेआधी घेतला जातो, पिस्टन वर येत असतानाच त्याला खाली दाबलं जातं. फेरे बसतात ते यामुळे.

कानावर भरवसा नसेल तर चिमटीची चाचणी करा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्रॉपेलरच्या मागे उभं राहून, कार्बोरेटरकडे जाणारी इंधनाची नळी निमिषभर चिमटीत दाबा आणि सोडा. दाबल्याने मिश्रण क्षणभर लीन होतं. इंजिन रिच असेल तर ते शिखराकडे सरकतं आणि फेरे वाढतात. आधीच लीन असेल तर ते पलीकडे ढकललं जातं आणि लगेच बसतं. फेरे किंचित वाढून परत आले तर नीडल बरोबर जागी आहे. नीडल मात्र क्लिक-क्लिक करत फिरवावी आणि दर वेळी तीन-चार सेकंद थांबावं, इंजिन ताबडतोब उत्तर देत नाही. शिखर सापडलं की तिथे थांबायचं नाही. नीडल परत उघडून ३०० ते ४०० फेरे कमी करायचे. हवेत प्रॉपेलरवरचा भार हलका होतो, फेरे वाढतात, टाकीतली पातळी उतरत जाते, आणि या सगळ्यांचा कल लीनकडेच असतो. जमिनीवर शिखरावर ठेवलेलं इंजिन आकाशात उपाशी राहतं. दुसऱ्या कोणाला मॉडेल घट्ट धरायला सांगून, पूर्ण थ्रॉटलवर नाक वर करून बघा. फेरे टिकले किंवा किंचित वाढले तर ठीक, बसले तर एक-दोन क्लिक उघडा.

इथवर झालं पूर्ण थ्रॉटलचं इंधन ठरवणाऱ्या मोठ्या नीडलचं. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो आयडलच्या स्क्रूवर. वर, म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर, नीट चालणारं इंजिन आयडलवरून थ्रॉटल उघडताच मरत असेल तर मोठ्या नीडलला हात लावण्यात अर्थ नाही. इंजिन वर लीन आणि खाली, म्हणजे आयडलला, रिच, किंवा याच्या उलट, असू शकतं. खाली रिच असेल तर आयडलला क्रँककेसमध्ये इंधन साचत राहतं, फेरे हळूहळू उतरतात, आणि थ्रॉटल उघडताच ते साचलेलं एकदम वर चढतं. इंजिन गुळगुळतं, धुराचा लोट सोडतं आणि अडखळतं. खाली लीन असेल तर थ्रॉटल उघडताच हवा लगेच आत शिरते, इंधन मागे पडतं, आणि इंजिन न धुरता, न अडखळता, टक्कन बंद होतं. खात्रीसाठी पुन्हा चिमटी, पण या वेळी आयडलवर, आणि नळी दाबून तशीच धरायची. फेरे न वाढताच लगेच बंद पडलं तर लीन. फेरे चांगलेच वाढून बराच वेळ चालत राहिलं तर रिच. किंचित वाढून काही सेकंदांत बंद पडलं तर छान.

आणि इथेच तो सापळा आहे, ज्यात मी एक अख्खी सकाळ घालवली. ट्विन-नीडल, म्हणजे मोठी आणि आयडलची अशा दोन नीडल असलेल्या, कार्बोरेटरमध्ये आयडलची नीडल आत फिरवली की इंधन कमी होतं, म्हणजे लीन. एअर-ब्लीड कार्बोरेटरमध्ये पुढे एक छोटं भोक असतं, त्यातला स्क्रू इंधन नाही तर हवा अडवतो. तो आत फिरवला की हवा कमी, म्हणजे रिच. स्क्रू तसाच, फिरवण्याची दिशा तीच, परिणाम उलटा. माझं निदान बरोबर होतं, खाली रिचच होतं. औषधही मी बरोबर समजून देत होतो, आणि प्रत्येक अष्टमांश फेऱ्याबरोबर इंजिन जास्तच गुदमरत होतं. कार्बोरेटरच्या पुढच्या बाजूला ते भोक दिसतंय का, हे स्क्रूला हात लावण्याआधी बघायला पाच सेकंद लागतात.

काही दुखणी रिच-लीनची सोंगं घेतात. बॅकप्लेट, म्हणजे क्रँककेसचं मागचं झाकण, ढिली असेल, कार्बोरेटरची ओ-रिंग गेली असेल किंवा नळीला सुईएवढं छिद्र असेल, तर बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन लीन वाटतं. खरं लीन आणि हे सोंग यांतला फरक असा: खरं लीन इंजिन नीडल उघडली की शहाण्यासारखं सुधारतं, गळतीवालं आज एका जागी चालतं आणि उद्या नाही. नळीत बुडबुडे दिसले तर नीडल सोडा, गळती शोधा. टाकी पूर्ण असताना ठीक आणि संपत आली की लीन, असं होत असेल तर टाकी बहुधा फार खाली बसली आहे, तिचा मध्य कार्बोरेटरच्या पातळीला किंवा किंचित खाली हवा. उलट बाजूचं सोंग घेतो तो थकलेला ग्लो प्लग. बॅटरीची क्लिप काढताच फेरे घसरले तर लोक म्हणतात रिच आहे. असेलही, पण आधी नवा प्लग लावून बघा, कारण सर्वांत सोपी अदलाबदल तीच. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, तेव्हा बुच सैल राहिलेली जुनी बाटलीही संशयितांत धरावी.

आता तो अपवाद. नव्या इंजिनाला पहिल्या टाक्या रिच चालवायच्या, हा सल्ला रिंगवाल्या पिस्टनच्या इंजिनांपासून चालत आला आणि त्यांना तो लागूही पडतो. एबीसी इंजिनात ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) असते, आणि स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. थंड असताना प्रॉपेलर हाताने फिरवला की वर आवळल्यासारखा अडतो, तो दोष नव्हे. तापल्यावर स्लीव्ह फैलावते आणि मग दोघांचं माप जुळतं. अशा इंजिनाला तासभर गच्च रिच, गार आणि जाड आवाजात चालवलंत तर पिस्टन त्या अरुंद भागात घासत राहतो. त्याला जाड आणि स्वच्छ आवाजाच्या सीमेवर, पुरेसं गरम ठेवून, मध्ये थोड्या थोड्या वेळाने स्वच्छ सुरात नेत चालवायचं. इंजिनाबरोबर आलेल्या कागदावर ते कोणत्या जातीचं आहे हे लिहिलेलं असतं.

हे सगळं करताना प्रॉपेलरच्या फिरण्याच्या रेषेत कोणी उभं नको, नीडल मागूनच फिरवावी, आणि सांडलेलं इंधन पुसल्याशिवाय क्लिप लावू नये. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही.

हे सगळं जुळलं, मॉडेल दुपारच्या उन्हात मस्त उडालं, आणि आठवड्यानंतरच्या गार सकाळी इंजिन वर चढताना बसू लागलं, तर कार्बोरेटर खोलू नका. गार हवा दाट असते, तेवढ्याच भोकातून जास्त हवा आत जाते, आणि नीडल मात्र दुपारच्याच जागेवर असते. दोन-तीन क्लिक उघडा आणि नाक वर करून पुन्हा ऐका.