घरातल्या ग्रो लाइटसाठी विजेचा लोड वाढवायचा का? मुंबईतील अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

समोरच्या टॉवरने ऊन अडवलं की गॅलरीतली तुळससुद्धा रुसते, मग लेट्यूस, ऑर्किड, मायक्रोग्रीन्सचं काय घेऊन बसलात! म्हणून घरात ग्रो लाइट, म्हणजे उन्हाऐवजी रोपांना प्रकाश देणारे दिवे, लावणारे वाढलेत आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो: वीज कंपनीची परवानगी लागते का? नुसता दिवा लावायला लागत नाही. अर्ज करावा लागतो तो मंजूर भार (कंपनीने तुमच्या घराला एका वेळी वापरायला मंजूर केलेली वीज, बोलीभाषेत ‘लोड’) अपुरा पडत असेल, साध्या सिंगल फेज जोडणीचं जास्त भार पेलणारं थ्री फेज करायचं असेल किंवा घरात उगवलेलं विकायचं असेल तेव्हा.

आधी वॉट मोजा

ऑनलाइन ‘१००० वॉट’ म्हणून मिळणारा दिवा प्रत्यक्षात बऱ्याचदा १०० वॉटच्या आसपासच वीज घेतो. मोठा आकडा जाहिरातीपुरता असतो. खोक्यावर ‘प्रत्यक्ष वापर’ काय लिहिलाय ते बघा, नाहीतर सॉकेटला लावायचा छोटा वॉटमीटर आणा. त्याचबरोबर दिव्यावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर (दिव्याला योग्य वीज पुरवणाऱ्या डबीवर) भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहा. तो नसेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता बिल काढा. त्यावर मंजूर भार किलोवॉटमध्ये छापलेला असतो. समजा तो ३ किलोवॉट आहे. १०० वॉटचे चार दिवे म्हणजे ४०० वॉट, इस्त्रीपेक्षाही कमी. लोड खातात ते दीड टनाचा एसी आणि २ किलोवॉटचा गीझर. हे दोन्ही एकदम चालले तर दिवे न लावताही ३ किलोवॉट ओलांडले जातात. म्हणून माझं मत असं की रोपांच्या ट्रे आणि दिव्यांच्या एका रॅकसाठी लोड वाढवायचा अर्ज करू नये. रोपांच्या खोलीत वेगळा एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा कमी करणारं यंत्र) येणार असेल, तर मात्र जरूर करावा.

बिलाचा हिशेब वेगळा. तेच चार दिवे रोज १४ तास चालले तर दिवसाला ५.६ युनिट, महिन्याला १६८. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. आधी २८० युनिट वापरणारं घर ४४८ वर जातं आणि ३०० च्या पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं.

खरी जोखीम भिंतीतल्या वायरीत

मंजूर भार पुरेसा आहे म्हणजे तुमचा सॉकेट सुरक्षित आहे, असं होत नाही. ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॉट देतो, तोही वायरिंग धड असेल तर. ग्रो लाइट मिक्सरसारखा दोन मिनिटं चालत नाही. तासन्‌तास चालतो, आणि सैल जोडणी हळूहळू तापत जाते. म्हणून सतत चालणारा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा आणि एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड कधीही जोडू नये. जुन्या चाळीत किंवा चाळीस वर्षांच्या इमारतीत ॲल्युमिनियमची वायर किंवा नावापुरतं अर्थिंग सापडणं नवं नाही. तिथे अर्जाच्या आधी वायरमन बोलवा.

रॅक मोठा असेल तर डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डापासून) स्वतंत्र २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, तिला स्वतःची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), एवढं करून घ्याच. पाणी आणि वीज शेजारी नांदणार असतील तर आरसीसीबीवर काटकसर नको. बरेच ड्रायव्हर एकाच क्षणी सुरू झाले की पहिल्या झटक्याला जास्त करंट खेचतात आणि ‘बी’ प्रकारची एमसीबी विनाकारण पडते. अशा वेळी ‘सी’ प्रकारची एमसीबी चालेल का ते वायरमन ठरवेल. जास्त अँपिअरची बसवून मोकळं होणं धोक्याचं, कारण मग वायर आधी जळते. टायमर १६ अँपिअरचा घ्या. ड्रायव्हर ट्रेच्या वर टांगा. वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी सोडून मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळावरून गळून पडतं, सॉकेटात जात नाही.

अर्ज कोणाकडे

बिलावर ज्या वीज कंपनीचं नाव, तिच्याकडे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा पॉवर, आणि मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात महावितरण. चारही ठिकाणी अर्ज ऑनलाइन करता येतो. नियम मात्र महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेचेच लागू होतात.

पात्रता आणि कागदपत्रे

अर्जदार म्हणजे ज्याच्या नावावर मीटर आहे तो. मुंबईत गाडी इथेच अडते, कारण बिल अजून आजोबांच्याच नावावर येत असतं. तसं असेल तर आधी नावबदलाचा अर्ज करा. त्याला मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. जुनी थकबाकी भरलेली असावी. भाडेकरू असाल तर घरमालकाचं लेखी ना-हरकत पत्र घ्या.

लोड वाढवण्याच्या अर्जासोबत ओळखीचा पुरावा, ताजं बिल आणि जागेच्या ताब्याचा पुरावा जोडावा लागतो. फ्लॅटसाठी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा नोंदणीकृत करारनामा, पागडीच्या खोलीसाठी भाडेपावती, झोपडपट्टीत फोटोपास. अर्जात घरातली सगळी उपकरणं आणि त्यांचे वॉट लिहायचे असतात. दिवेही त्यात लिहा, लपवण्यासारखं काही नाही. सोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट. ओळखीच्या वायरमनने काम उत्तम केलं तरी परवाना क्रमांक नसेल तर कागद परत येतो. मीटर केबिनपासून घरापर्यंत जाड केबल टाकायची असेल, तर सोसायटीचं पत्र आधीच घेऊन ठेवा. कमिटीची बैठक कधी भरेल हे कंपनीच्या हातात नसतं.

सिंगल फेजची मर्यादा ४० अँपिअर. त्यापुढे थ्री फेज, आणि त्याचा स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा द्यावी लागणारी ठरावीक रक्कम) जास्त असतो. अर्जानंतर पाहणी होते, किती पैसे भरायचे ते सांगणारं मागणीपत्र येतं, पैसे भरले की काम. ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार महानगरात पूर्ण अर्जानंतर जोडणीतील बदलासाठी ३ दिवसांची मुदत आहे. नवी केबल किंवा उपकेंद्राचं काम निघालं तर जास्त वेळ लागतो.

विक्री करत असाल तर

घरच्याच एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. त्यापुढे गेलात तर वर्गबदलाचा, म्हणजे घरगुतीऐवजी दुसरा दर लावून घेण्याचा, अर्ज करा. गुपचूप चालवलं आणि सापडलं, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. मायक्रोग्रीन्सचे डबे विकून ती भरून निघणार नाही.

अर्ज रखडला किंवा भलतंच मागणीपत्र आलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. तिथे दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही.

लोड वाढल्यावर काही महिन्यांनी अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी आली तर दचकू नका. ती सरासरी बिलावरून काढतात. आणि पुढे रॅक मोडलात, तर मंजूर भार कमी करण्याचा अर्जही याच खिडकीवर करता येतो.