कुलूप दिसलं म्हणजे दुकान खरं, असं नाही

‘वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की कार्ड नंबर बिनधास्त टाका’ हा सल्ला अजून फिरतोय. कुलपाचा अर्थ एवढाच, की ब्राउझर ते सर्व्हर ही वाट एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मधल्या कुणाला माहिती वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय, ते कळत नाही. कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारं डिजिटल प्रमाणपत्र भामट्यालाही काही मिनिटांत फुकट मिळतं. हा गैरसमज पाहूनच क्रोमने २०२३ मध्ये कुलपाच्या जागी वेगळं चिन्ह आणलं. पत्ता वाचताना पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) लगेच आधीचं डोमेन बघा. सुरुवातीला ओळखीचं नाव कुणीही जोडू शकतो.

दुकान खरं असलं तरी चेकआउट पानात घुसलेली चोरांची स्क्रिप्ट (पानात चालणारा छोटा प्रोग्राम) तुम्ही टाइप करतानाच, एन्क्रिप्शनच्या आधी, नंबर आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा कोड) उचलते. म्हणून दुकानदारांनी कार्डाचे रकाने पेमेंट गेटवेच्या (पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या वेगळ्या चौकटीत, ठेवावेत आणि पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची नोंद ठेवावी. व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवायला पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीची सक्त मनाई आहे, अगदी लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींमध्ये) सुद्धा.